कोरी काच
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



मराठी शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या पहिली वस्तू आली ती पाटी. पाटीवर अक्षर गिरवण्याआधी ती पुसावी लागे, आणि पुसण्याचेही एक शास्त्र होते. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी ओली असेपर्यंत काळीभोर दिसे. वाळली की आदल्या दिवशीच्या पाढ्यांचे पांढुरके अवशेष पुन्हा वर येत. पुसलेली पाटी आणि कोरी पाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मुलाला कोणी न शिकवताच मिळून जाई.

छायाचित्रणाच्या इतिहासातही अशीच एक पाटी होऊन गेली. ती दगडाची नव्हती, काचेची होती. तिच्यावर रासायनिक लेप देऊन प्रकाशाकडून चित्र लिहून घेतले जाई. त्या चित्रांविषयी, ती काढणाऱ्या साहेबांविषयी आणि त्यांच्या कॅमेऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लेप देण्याआधी ती काच स्वच्छ करण्याच्या कामाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे, आणि त्याचे मुख्य स्थळ आहे चेन्नई, म्हणजे त्या काळचे मद्रास.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. त्याने तिचे एकस्व घेतले नाही. ती सर्वांसाठी खुली ठेवली आणि स्वतः १८५७ मध्ये विपन्नावस्थेत मरण पावला. पद्धत थोडक्यात अशी. कापसावर नायट्रिक आम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून तो इथर आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात विरघळवला की मधासारखा दाट, चिकट द्रव तयार होतो. तो कलोडियन. त्यात आयोडाइड व ब्रोमाइड क्षार मिसळायचे, तो काचेच्या मध्यावर ओतायचा, काच चारही कोपऱ्यांकडे क्रमाने कलती करून शेवटच्या कोपऱ्यातून जादा द्रव बाटलीत परत घ्यायचा. लेप नीट सुकण्याआधी काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. बाहेर काढलेली काच आता प्रकाशाला संवेदनशील झालेली असते. पण ती ओली आहे तोवरच. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे, हिराकशीच्या द्रावणाने ते उमटवायचे, हायपोने स्थिर करायचे, धुवायचे आणि वाळल्यावर वॉर्निश द्यायचे. ओतण्यापासून उमटवण्यापर्यंतचा सारा खेळ काही मिनिटांचा असे.

ही पद्धत मद्रासला पोहोचली तेव्हा तिथे तिची वाट पाहणारी माणसे होती. डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० साली मद्रासमध्ये कलाशाळा काढली होती, आणि पुढे त्या शाळेत छायाचित्रणही शिकवले जाऊ लागले. १८५६ मध्ये मद्रासची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मुंबईत अशी संस्था दोन वर्षे आधीच, १८५४ मध्ये निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या हिंदी सभासदांत होते. १८५६ मध्येच कॅप्टन लिनियस ट्राइप यांची मद्रास सरकारचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. मदुराई, तंजावर, श्रीरंगम येथील मंदिरांची त्यांनी घेतलेली चित्रे आजही थक्क करतात. परंतु ट्राइप यांनी प्रवासात मुख्यतः काच वापरली नाही. मेण पाजलेला कागद वापरला. कागदाला काचेची बारीक स्पष्टता नसते, तरी तो बैलगाडीत फुटत नाही, आधीपासून तयार करून ठेवता येतो आणि लेप देण्यासाठी वाटेत तंबूतली अंधारखोली मांडावी लागत नाही. काचेच्या मोहात न पडण्याचे हे शहाणपण समजायचे तर काच काय मागते ते आधी पाहिले पाहिजे.

काच सर्वप्रथम मागते ती कडा घासण्याची मेहनत. कापलेल्या काचेची कड सुरीसारखी असते. ती धार लावण्याच्या दगडावर घासून बोथट करावी लागते. बोटे कापू नयेत हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. गुळगुळीत धारदार कडेला कलोडियनचा लेप धरून राहत नाही. धुताना पाणी कडेखाली शिरते आणि चित्रासह सगळा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा निघून येतो. चित्र उत्तम उतरले आहे हे डोळ्यांनी पाहिल्यानंतर ते बादलीत वाहून जाताना पाहणे, हा अनुभव या कलेच्या प्रत्येक उमेदवाराला कधी ना कधी येतो.

कडा झाल्या की धुणे. नवी काच कारखान्यातली चिकट घाण घेऊन येते. ती धुण्याच्या सोड्याच्या किंवा नायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवून ठेवीत. मग खडूची अगदी बारीक पूड किंवा ट्रिपोली नावाची मऊ दगडी भुकटी, पाणी आणि मद्यार्क यांची पातळ लापशी करून, कधी त्यात अमोनियाचे थेंब टाकून, तिने काच घासायची. बोळा गोल गोल फिरवत मध्यापासून कडेपर्यंत जायचे, दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांवरून. लापशी वाळून पांढरी झाली की दुसऱ्या, कोरड्या फडक्याने ती पुसून काढायची. त्यानंतर तिसरे फडके, तेही साबणाचा अंश न राहिलेले, किंवा मऊ कमावलेले चामडे घेऊन चकाकी येईतो पुसायचे. शेवटी मऊ केसांच्या कुंचल्याने धूळ झटकायची. पहिल्या फडक्याने तिसऱ्याचे काम करायचे नाही. तिन्ही वेगळी ठेवायची. स्वयंपाकघरातले ओवळे-सोवळे ज्या घरात पाहिले असेल, त्या घरच्या माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रश्न असा, की काच स्वच्छ झाली हे ओळखायचे कसे? डोळ्यांना ती पहिल्या पुसण्यानंतरच स्वच्छ दिसते. स्वच्छ काच दिसत नाही. दिसते ती घाण, आणि तीही पुरेशी जाड असेल तरच. बोटाच्या ठशातला तेलकट थर डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ असू शकतो. म्हणून जुन्या कारागिरांची कसोटी डोळ्याची नव्हती, श्वासाची होती. काचेवर तोंडाची वाफ सोडायची. ती सर्वत्र सारख्या दुधी पडद्यासारखी बसली आणि कडेकडून मध्याकडे सारखी विरत गेली, तर काच स्वच्छ. वाफेत रेघ दिसली, वर्तुळ दिसले, एखादा भाग आधी उघडा पडला, तर तिथे काहीतरी उरले आहे. पुन्हा घासणे आले. धुतानाची कसोटीही याच जातीची आहे. स्वच्छ काचेवर पाणी अखंड पातळ चादरीसारखे पसरते. तेलकट काचेवर ते अळवाच्या पानावरच्या थेंबांसारखे गोळा होते.

मद्रासला ही कसोटीच दगा देई. काच उच्छ्वासाइतकीच उष्ण असेल तर तिच्यावर वाफ धरतच नाही. मे महिन्यात चेन्नईचे दुपारचे तापमान सहज ३७ अंशांवर जाते. अशा वेळी कितीही वाफ सोडली तरी काच कोरडीच राहणार, आणि मळकट काचही परीक्षेत उत्तीर्ण होणार. परीक्षा पहाटे घ्यायची, काच थंड असताना, हाच उपाय. दुसरी अडचण इथरची. इथर सुमारे ३५ अंशांवर उकळतो. म्हणजे मद्रासच्या दुपारी कलोडियनमधला इथर काचेवर पसरण्याआधीच उडू लागतो. लेप चारही कोपरे गाठण्यापूर्वी घट्ट होतो आणि त्यात लाटा, वळ्या उमटतात. तिसरी अडचण माणसाच्या अंगातली. घाम खारट असतो. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र आले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बनतो. काच पुसणाऱ्याच्या कपाळावरून पडलेला एक थेंब, किंवा दमट हातांचा ठसा, नंतर चित्रात डाग होऊन बसतो. विहिरीचे खारे पाणी तेच करी. म्हणून शेवटच्या धुण्याला पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी लागे. समुद्रकाठच्या शहरात काच स्वच्छ करणे म्हणजे हवा, पाणी आणि स्वतःचे शरीर या तिघांपासून तिला सांभाळणे होते.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर १८ ऑगस्ट १८६८ या दिवसाने दिले. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानावरून गेला. निरीक्षक ठिकठिकाणी पांगले होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन पटवर्धनांच्या जमखंडीला होते. मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणला गेले. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी वनपर्ती येथून ग्रहण पाहिले. मद्रास इलाख्यातल्या गुंटूर येथे फ्रान्सचे यान्सेन होते आणि मेजर जेम्स टेनंट यांची तुकडीही होती. टेनंट यांच्यावर छायाचित्रांची जबाबदारी होती, आणि त्यांचे साधन होते ओले कलोडियन, म्हणजे काच.

खग्रास स्थिती तिथे पावणेसहा मिनिटांच्या आसपास टिकणार होती. एवढ्या अवधीत जितके फलक घेता येतील तितके घ्यायचे. ओला फलक आदल्या दिवशी तयार करून ठेवता येत नाही. ग्रहण लागल्यावर काच पुसत बसता येत नाही. म्हणजे सर्व कामांपैकी एकच काम असे होते की जे आधी, शांतपणे, पुरेसा वेळ घेऊन करता येत होते, आणि ते म्हणजे काचा स्वच्छ करणे. ते काम कच्चे राहिले तर दुरुस्त करण्यासाठी सूर्य थांबणार नव्हता. त्या दिवशी पातळ ढगही आले. प्रकाश कमी पडला आणि चित्रे अपेक्षेपेक्षा फिकट उतरली. तरीही खग्रास स्थितीत सहा फलक घेतले गेले. सूर्याच्या कडेवरून उसळलेली एक प्रचंड ज्वाला त्यांत स्पष्ट उमटली, आणि ‘मोठे शिंग’ या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली.

फिक्या चित्राचे मोल इथे लक्षात घेतले पाहिजे. भरपूर प्रकाशातल्या ठसठशीत चित्रावर एखादा डाग पडला तर तो डाग म्हणून ओळखू येतो. अंधूक चित्रात मात्र काचेवरचा डाग कोणता आणि सूर्याचा भाग कोणता, हे ठरवणे अवघड होते. ढग आवरणे माणसाच्या हाती नव्हते. काच स्वच्छ ठेवणे होते. जे हाती नाही ते बिघडले, तेव्हा जे हाती होते ते किती नीट केले होते यावर सगळा भरवसा उरला.

या तारखेला महाराष्ट्रात विजयदुर्गावर हेलियमचे स्मरण केले जाते, आणि नॉर्मन लॉकियर यांनी त्या दिवशी तिथूनच सूर्य पाहिला असे पुष्कळांच्या मनात असते. वस्तुतः १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्या वर्षीचे आपले प्रसिद्ध निरीक्षण त्यांनी तिथूनच ऑक्टोबरमध्ये केले. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी तेच ग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथून टिपले. या दोन ग्रहणांमध्ये तीस वर्षे गेली होती, आणि तेवढ्यात काचेची सारी व्यवस्था पालटली होती. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या लेपाची कल्पना मांडली, आणि १८८० च्या दशकात तयार लेपाच्या काचा खोक्यांतून विकत मिळू लागल्या. छायाचित्रकाराचे काच पुसणे संपले. ते नाहीसे झाले असे नव्हे; ते कारखान्यात गेले. तिथेही काच तितक्याच काळजीने धुवावी लागे, फक्त धुणारा आता चित्र काढणाऱ्याला भेटत नव्हता.

त्याआधीही तो इतिहासाला फारसा भेटला नव्हताच. मद्रास कलाशाळेशी निगडित छायाचित्रकार म्हणून सी. अय्यास्वामी यांचे नाव नोंदले गेले आहे, हा अपवाद. एरवी साहेबांच्या तंबूत पहाटे उठून काचा घासणारे, पाणी गाळणारे, फडकी धुऊन वाळवणारे हात निनावीच राहिले. त्यांच्या कामाचा स्वभावच तसा आहे. ते चुकले तर चित्रात दिसते. ते अचूक झाले तर चित्रात त्याची खूणही राहत नाही.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक बोचरी आहे. काच महाग होती. बिघडलेले किंवा नको झालेले निगेटिव्ह सोड्याच्या पाण्यात टाकून, लेप खरवडून, तीच काच पुन्हा वापरण्याची रीत जगभर होती. अशा पुन्हा घासलेल्या काचेवर कधी कधी एक चमत्कार घडे. नवे चित्र उमटवताना त्याच्या मागे जुन्या चित्राची अंधूक छाया वर येई. नव्या माणसाच्या खांद्याआडून जुना चेहरा डोकावे. चांदीचा सूक्ष्म अंश काचेला धरून राहिलेला असे. म्हणून महत्त्वाच्या चित्रासाठी नवी काचच घ्यावी, असा जाणत्यांचा आग्रह असे. कारागिराच्या दृष्टीने ती छाया हा दोष होता. आज पाहणाऱ्याला मात्र असे वाटल्यावाचून राहत नाही, की पुसल्या गेलेल्या माणसाने आपण इथे होतो एवढे सांगून ठेवले.

कोरड्या काचा गेल्या, फिल्म आली, फिल्मही गेली. स्टुडिओ बंद पडले तेव्हा माळ्यांवर निगेटिव्हच्या काचांचे ढीग उरले. लग्ने, बारशी, शाळांचे वर्ग, कुस्तीचे आखाडे, गावची मंडळी त्यांत होती. कित्येक ठिकाणी त्या काचा धुऊन साध्या काचा म्हणून वापरल्या गेल्या. ज्या कौशल्याने काच चित्रासाठी तयार होई, त्याच कौशल्याने चित्र काचेवरून नाहीसे होत गेले. उलट कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत १९०४ पासून घेतलेले सूर्याचे काचफलक जपून ठेवले गेले, आणि शंभर वर्षांपूर्वीचे सूर्यावरचे डाग त्यामुळे आजही मोजता येतात. सोडा तोच, फडके तेच; कोणती काच धुवायची आणि कोणती धुवायची नाही, हे ठरवणारा विवेक तेवढा वेगळा.

गेल्या काही दशकांत पर्यायी छायाचित्रण या नावाने जुन्या पद्धती पुन्हा हाती घेतल्या जात आहेत. आज काच पूर्वीपेक्षा सपाट आणि निर्दोष मिळते. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथेच तिचा मोठा कारखाना आहे. तरीही कलोडियन किंवा जिलेटिनचा लेप देऊ पाहणाऱ्या तरुणाला पहिला दिवस काचेच्या कडा घासण्यात आणि खडूच्या लापशीत घालवावा लागतो. लेप घट्ट धरावा म्हणून काहीजण आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा पाण्यात पातळ केलेला हात काचेला देतात. पण तोही स्वच्छ काचेवरच बसतो. घाईने केलेल्या कामाला झाकणारा थर या कलेत नाही. ज्याच्या खिशातल्या फोनमध्ये हजारो चित्रे आहेत, तो तरुण एका चित्रासाठी अर्धा तास एक काच पुसतो, तिच्यावर वाफ सोडतो, थांबतो, पाहतो आणि पुन्हा पुसायला घेतो.

विद्यार्थिमित्रहो, या शाळेला साठ वर्षे झाली. सकाळची घंटा होण्याआधी इथे दररोज कोणीतरी फळे पुसले आहेत. या स्मरणिकेत वर्गांची छायाचित्रे आहेत. त्यांत फळा पुसणारा माणूस बहुधा चौकटीबाहेर असेल. सुटी झाल्यावर एखाद्या रिकाम्या वर्गात जाऊन तिरप्या उजेडात फळा जरूर पाहावा. नीट निरखले तर कुठेतरी जुन्या गणिताची एक फिकट रेघ अजून सापडेल. ती पुसायला हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबून ती वाचावी.